माझ्यामागे याचे कोण करील?

वैशाखातली दुपार होती. दवाखान्याचे दार लोटून घेण्याच्या बेतात असताना एका ऑटोचालकाने बाईंना हाताला धरून आत आणले. बाई म्हणजे भंडाऱ्याच्या एका प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वय शहात्तर. यजमान जाऊन आठ वर्षे झालेली, मुलगा पुण्याला नोकरीत आणि खांब तलावाच्या बाजूच्या जुन्या घरात त्या एकट्या. पायांवर सूज होती, चार शब्द बोलताना दम लागत होता आणि गेल्या तीन रात्री त्यांनी पाठीशी उशा रचून, बसूनच काढल्या होत्या. हृदयाचे काम मंदावले की फुप्फुसांत पाणी साचू लागते. छातीला नळी लावताच ते ऐकू येत होते.

“बाई, आजच नागपूरला दाखल व्हावं लागेल,” मी म्हणालो.

“गोळ्या लिहून द्या, डॉक्टर. मला नाही जाता यायचं. बंडूला कोण बघेल?”

बंडू म्हणजे त्यांचा लॅब्राडोर कुत्रा. यजमान गेल्यानंतर आईला सोबत हवी म्हणून मुलाने तो आणून दिला होता. पुण्याहून येताना त्याचे नाव ‘ब्रूनो’ होते. आठवड्याभरात बाईंनी त्याचा बंडू केला. त्याच्यामुळे बाई रोज पहाटे तलावाकडे फिरू लागल्या, वेळेवर जेवू लागल्या, कुणाशी तरी बोलू लागल्या. त्यांचा रक्तदाब आटोक्यात राहिला याचे श्रेय मी माझ्या गोळ्यांना देत असे. आता वाटते, त्यात निम्मा वाटा बंडूचा असावा.

पण त्या दुपारी मला एवढेच दिसत होते की एक रुग्ण कुत्र्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालीत आहे. मी मुलाला फोन लावला आणि म्हणालो, “कुत्र्याचं काहीतरी करा, पण आईंना अंधार पडायच्या आत नागपूरला हलवा.”

‘काहीतरी’ हा शब्द मी किती सहज उच्चारला, हे मला पुढे फार दिवस आठवत राहिले.

मुलाने केले ते त्याच्या परीने योग्यच होते. नातेवाइकांनी बाईंना नागपूरला नेले. बंडूला दुसऱ्या दिवशी गाडीत घालून लाखनीच्या अलीकडे एका आप्तांच्या शेतावर पोचवण्यात आले. आठ वर्षे पंख्याखाली झोपलेला, बाईंच्या हातची पोळी खाणारा तो कुत्रा गोठ्याच्या खांबाला बांधला गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेतावरच्या गड्याने कळवले, “रातीच दोर तोडून पराला जी.”

नऊ दिवसांनी बाई घरी आल्या. “बंडू शेतावर मजेत आहे,” असे त्यांना सांगण्यात आले. त्यानंतर दोन दिवसांनी कारध्याजवळ, राष्ट्रीय महामार्गाच्या एका मोरीखाली, आमच्या गावातील काही महाविद्यालयीन मुलांना एक कुत्रा पडलेला आढळला. मुलांनी छायाचित्र सगळीकडे पाठवले. ते माझ्याही फोनवर आले. मी तेथे गेलो तेव्हा मुले त्याला टायगर, शेरू अशा नाना नावांनी पुकारून पाहत होती. तो हलत नव्हता. मी “बंडू” म्हणालो. त्याने मान उचलली.

तो घराकडेच निघाला होता. त्याच्यात आणि घरात केवळ वैनगंगा उरली होती.

टाकलेला प्राणी रस्त्यावर का तगत नाही

‘कुत्रा कुठेही जगतो’ असा आपला समज असतो. रस्त्यावर जन्मलेला कुत्रा जगतो, कारण अन्न कोठे मिळते, वाहन कसे टाळायचे, कोणाच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, हे तो पिल्लू असल्यापासून शिकलेला असतो. घरात वाढलेल्याला यांपैकी काहीच येत नाही. अनोळखी वस्तीत शिरताच तेथील कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. वाहनाच्या आवाजाने तो रस्त्याच्या कडेला जाण्याऐवजी मध्ये धावतो. लॅब्राडोरसारख्या दाट, दुहेरी केसांच्या जातीला विदर्भातील उन्हाळा तर सावलीतही सोसत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो.

बंडूच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या भरल्या होत्या, पुढच्या पायाला दुसऱ्या कुत्र्यांनी फाडले होते आणि अंगात ताप होता. रक्ततपासणीत गोचीड तापाचे निदान झाले. या आजारात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि उपचार लांबले तर प्राणी दगावतो. आमच्या भागातील पशुवैद्यकांचा बराचसा वेळ गाई, म्हशी, बैल आणि शेळ्यांकडे जातो, ते स्वाभाविकच आहे. अवघड दुखण्यासाठी साठ किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. तेथे सेमिनरी हिल्स भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुलांनी आपसांत वर्गणी काढून ते सारे केले.

चावा, ओरखडा आणि ज्येष्ठ नागरिक

येथे वैद्य म्हणून थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण दया येऊन प्रथम हात पुढे करणाऱ्यांत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे असते.

मोरीतून उचलताना बंडूने एका मुलाच्या मनगटाला दात लावला. तो दुष्ट नव्हता. वेदनेत असलेला प्राणी असेच करतो. बंडूचे रेबीजचे लसीकरण दरवर्षी होत असे, पण त्याची पुस्तिका बाईंच्या कपाटात कुलूपबंद होती. शिवाय आठ-नऊ दिवस तो अनोळखी कुत्र्यांशी झुंजला होता. त्या मुलाला पूर्ण उपचार घेणे आवश्यकच होते.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र चाव्यानंतर लगेच योग्य उपचार झाले तर तो टाळता येतो. म्हणून जखम प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. दोन मिनिटांत समाधान मानू नये. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे दंडाच्या त्वचेत लस दिली जाते. तिचे दिवस साधारणतः ०, ३, ७ आणि २८ असे असतात. त्वचा फाटून रक्त आले असेल तर जखमेत व तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. ते टाळून केवळ लसीवर विसंबू नये. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, पण ‘आधी दहा दिवस पाहू, मग लस घेऊ’ असे कदापि करू नये.

वयस्कांची त्वचा पातळ झालेली असते. नखाच्या साध्या ओरखड्यानेही ती सोलली जाते. मधुमेह असेल तर जखम लवकर चिघळते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त थांबत नाही. मांजराचा चावा दिसायला बारीक, पण खोल असतो. तो कधी किरकोळ समजू नये. रस्त्यावरच्या जखमी प्राण्याला स्वतः उचलू नका. पाणी ठेवा, सावली करा आणि सवय असलेल्या तरुणांना बोलवा. दोरी मनगटाला गुंडाळून मोठ्या कुत्र्याला फिरवणेही सत्तरीनंतर टाळावे. एका हिसक्यात खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

पकडणे सोपे, घर मिळणे कठीण

बंडू पंधरवड्यात बरा झाला. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. बाईंना एकटे ठेवणे आता शक्य नव्हते. मुलाने त्यांना पुण्याला नेण्याचे ठरवले होते. त्याचे घर तिसऱ्या मजल्यावर, आणि सुनेला दम्याचा जुना त्रास. बंडूला तेथे जागा नव्हती, आणि यात कोणाचाही दोष नव्हता.

वाचवणारे पुष्कळ भेटतात, सांभाळणारे थोडे. ही अडचण आजची नाही. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तेथे पांजरापोळ उभी राहिली. नकोशा प्राण्यांना मरेपर्यंत आसरा देणे हा तिचा हेतू होता. आमच्या विदर्भात वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर ॲनिमल्सचे करुणाश्रम हे काम करते. आणि हेमलकशाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. शिकाऱ्यांनी मारून आणलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी मागून घेतले आणि पाठोपाठ अनाथ वन्यप्राण्यांचा तेथे परिवारच जमला. मला त्या गोष्टीतला पहिला क्षण जितका मोठा वाटतो, त्याहून मोठी वाटतात ती नंतरची वर्षे: रोजचे खाणे, रोजची साफसफाई, रोजची दुखणी. सुटका एका दिवसात होते. सांभाळ आयुष्यभर चालतो. म्हणूनच निवाऱ्यांत जागा नेहमी अपुरी असते आणि लहान गावांत तर बहुतेक वेळा चार मुलांची अंगणे हाच निवारा असतो.

बंडूसाठी चौकशा आल्या. पहिल्या प्रश्नातच बहुतेक गळाले: “वय किती?” आठ वर्षे म्हटले की फोन बंद. लोकांना पिल्लू हवे असते. एकाला जातिवंत नर हवा होता, पैदाशीसाठी; नसबंदी झाली आहे हे कळताच त्याचा उत्साह मावळला. घर शोधण्याआधी नसबंदी करून घ्यावी ती यासाठीच. एका शेतमालकाने राखणीसाठी मागितला. मुले प्रत्यक्ष जागा पाहून आली तेव्हा तेथे उन्हात एक खुंटी आणि आखूड साखळी तेवढी होती. एका कुटुंबाने हौसेने नेला आणि आठव्या दिवशी परत आणला. रात्री रडतो, म्हणाले.

तो रडणारच होता. नव्या घरात गेलेला प्राणी पहिले दोन-तीन दिवस भेदरलेला असतो. खात नाही, कोपरा सोडत नाही. घराची रीत समजायला काही आठवडे आणि ‘हे माझे घर’ असे वाटायला काही महिने लागतात. नेणाऱ्याला हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. वय, आजार, खोडी काहीही लपवू नये. लपवलेले दोष आठव्या दिवशी प्राण्यासह परत येतात. घर पाहावे, घरातील प्रत्येकाची संमती विचारावी, पंधरा दिवस तात्पुरते ठेवून पाहावे, नंतर दोघांच्या सह्यांचा साधा कागद करावा. सोबत लसीची पुस्तिका, सवयीचे खाणे आणि जुन्या घराचा वास असलेली एखादी चादर द्यावी. नाव बदलू नये.

कायद्याची बाजू

पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ तसे सांगते. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. त्यामुळे या कायद्याचा धाक कितपत वाटावा, हे वाचकांनीच ठरवावे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे स्थानिक संस्थांचे काम आहे; घरच्या प्राण्याच्या लसीकरणाची, जंतनाशकाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकाचीच. ‘नगरपालिका नेईल’ ही आशा म्हणूनच व्यर्थ आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावे, असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात मात्र सर्वोच्च न्यायालयाने, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. कायद्याच्या शब्दांत सांगितलेली ही गोष्ट आपल्या आजीलाही ठाऊक होती: एकदा दारात घेतले की ते आपले.

आधी विचारायचे प्रश्न

बंडू सापडल्यानंतर मी बाईंकडे गेलो आणि झाले ते सगळे सांगितले. खोटे बोलून त्यांचे हृदय जपता येईल असे मला वाटत नव्हते. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही मुलाला विचारलंत. मला विचारायचं होतं. शेजारची मुलगी रोज संध्याकाळी त्याच्याशी खेळायला येते. तिनं पंधरा दिवस सहज सांभाळलं असतं.”

पंधरा पावलांवर उपाय होता. आम्ही त्याला वीस किलोमीटर लांब धाडला, कारण ज्यांचा कुत्रा होता त्यांनाच विचारायचे कोणाला सुचले नाही. आजारी वृद्धांच्या बाबतीत आपण फार वेळा असे करतो. त्यांच्यासाठी ठरवतो, त्यांना विचारत नाही.

घरचा प्राणी नकोसा होतो तो बहुधा निर्दयपणामुळे नव्हे. दुखणे येते, घर बदलते, माणूस जाते आणि त्या धांदलीत ‘काहीतरी करा’ असे कोणीतरी म्हणते. ही धांदल आधीच ओळखणे आपल्या हाती आहे.

आईवडिलांना पिल्लू भेट देऊ पाहणाऱ्या मुलांनी प्रथम हिशेब करावा. लॅब्राडोर दहा-बारा वर्षे जगतो, लहान जातीचे कुत्रे आणि मांजरे पंधरा वर्षांपर्यंतही. सत्तराव्या वर्षी दिलेले पिल्लू वडिलांच्या ब्याऐंशीपर्यंत सोबत असेल. तेव्हा त्याला कोण फिरवील? सोबत हवीच असेल तर शांत स्वभावाचा, वयाने पोक्त असा बेघर प्राणी अधिक बरा. त्याला धावपळ नको असते आणि घर मिळणेही त्यालाच सर्वांत अवघड असते.

ज्यांच्या घरी प्राणी आहे त्यांनी एका कागदावर त्याचे नाव, वय, लसींच्या तारखा, औषधे, खाण्याच्या वेळा, पशुवैद्यकाचा क्रमांक आणि भीती कशाची वाटते ते लिहून ठेवावे. त्याखाली दोन नावे लिहावीत: अचानक रुग्णालयात जावे लागले तर काही दिवस कोण पाहील, आणि आपल्यामागे कायमचा कोण नेईल. त्या दोघांना आधी विचारून त्यांचा होकार घ्यावा. हा कागद व लसीची पुस्तिका कपाटात न ठेवता दाराजवळ लावावी. घराची एक किल्ली शेजारी असू द्यावी. प्राण्याच्या नावे मालमत्ता करता येत नाही. मात्र त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी मृत्युपत्रात खर्चाची तरतूद करता येते. त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी आणखी दोन सूचना. प्राण्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवा. ती माणसाची बातमी देते. कुत्रा एकाएकी जाड होऊ लागला तर आजी दिवसातून चारदा खायला घालून विसरत असतील. रोडावला तर मुळीच घालत नसतील. स्मृतिभ्रंशाची चाहूल अशीही लागते. आणि प्राण्यापासून ताटातूट झाल्यावर वृद्ध व्यक्ती जेवेनाशी झाली, झोपेनाशी झाली तर ‘कुत्र्यासाठी काय एवढं’ असे म्हणू नका. ते दुःख खरे असते. पंधरा दिवसांत ते ओसरले नाही तर डॉक्टरांशी बोला.

बंडूचे पुढे काय झाले

दोन महिन्यांनी तुमसरचे एक निवृत्त दांपत्य आले. त्यांचा स्वतःचा कुत्रा आदल्या वर्षी म्हातारपणाने गेला होता. वय विचारल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. “म्हणजे आमच्याच वयाचा,” असे ते गृहस्थ म्हणाले. मुलांनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला, “काका, तुमच्यानंतर?” त्यांनी राग मानला नाही. गावातच राहणाऱ्या पुतणीचे नाव कागदावर लिहिले आणि तिची सही आणली.

बाईंनी बंडूसोबत स्वतःचे एक जुने लुगडे दिले. पहिले तीन दिवस तो त्यावरून उठला नाही. चौथ्या दिवशी उठून अंगणापर्यंत गेला. बाई आता पुण्यात आहेत. रविवारी फोनवर त्याला पाहतात. पूर्वी त्यांचा आवाज ऐकून तो घरभर शोधत फिरे. अलीकडे तो फक्त कान टवकारतो आणि पुन्हा झोपतो, असे त्या काकांनी मला जरा संकोचून सांगितले. मी बाईंना विचारले, वाईट वाटते का? त्या म्हणाल्या, “वाटतं. पण तो झोपतो, हे बरंच आहे ना?”

माझ्या केसपेपरवर ‘घरी सोबत कोण असते?’ अशी एक ओळ वर्षानुवर्षे छापलेली आहे. तिच्याखाली मी आता हाताने आणखी एक ओळ लिहितो: ‘घरात मुका जीव आहे काय, आणि तुमच्यामागे त्याचे कोण करील?’ काही रुग्ण हसतात. काही मात्र उत्तर देण्यापूर्वी थोडा वेळ थांबतात. तो वेळ मी त्यांना देतो.